दैव, कर्म आणि माणसाचे कर्तृत्व

माणसाचे जीवन आधीच ठरलेले असते की ते त्याच्या स्वतःच्या हाती असते, हा प्रश्न फार जुना आहे. अनेक देशांतील तत्त्वचिंतकांनी त्यावर ग्रंथ लिहिले, वाद घातले. आपल्या झाडीपट्टीत मात्र हा प्रश्न ग्रंथांत राहत नाही, तो घराच्या ओसरीवर बसलेला असतो. हाताशी आलेले धान तुडतुड्याने गेले, मुलगा दहावीत नापास झाला, मुलीचा संसार मोडला, लहान लेकरू वारंवार आजारी पडू लागले, की एकच वाक्य कानी पडते, "नशिबात होते." तथागतांच्या धम्माचा स्वीकार करून आपल्याला साडेसहा दशकांहून अधिक काळ लोटला, तरी हा शब्द आपल्या घरांतून गेलेला नाही. त्याच घरांतून शिकून बाहेर पडलेली काही मंडळी आता अगदी दुसरे टोक गाठतात आणि म्हणतात, "मनात आणले तर अशक्य असे काहीच नाही. जे मागे राहिले ते आपल्या आळसाने राहिले."

ही दोन्ही वाक्ये आम्हांस सारखीच अपुरी आणि सारखीच घातक वाटतात. या स्मरणिकेच्या निमित्ताने आजी-माजी विद्यार्थी, पालक व समाजबांधव एकत्र येत आहेत. अशा वेळी या प्रश्नाचा विचार धम्माच्या आणि आपल्या गोंदिया जिल्ह्याच्या अनुभवाच्या आधारे व्हावा, म्हणून हे चार शब्द.

प्रथम हे लक्षात घेतले पाहिजे की, नियतीचा सिद्धांत तथागतांना अपरिचित नव्हता. त्यांच्याच काळात मक्खली गोसाल हा आजीवक पंथाचा आचार्य हा सिद्धांत उघडपणे सांगत होता. दीघ निकायातील सामञ्ञफल सुत्तात त्याचे मत नोंदलेले आहे. प्राण्यांच्या दुःखाला वा शुद्धीला काहीही कारण नाही. बळ नाही, पराक्रम नाही. सुताची गुंडी फेकली असता ती जशी सूत संपेपर्यंत उलगडत जाते, तसेच मूर्ख आणि शहाणे दोघेही चौऱ्यांशी लक्ष महाकल्प फिरून आपोआप दुःखाच्या अंताला पोहोचतील, असा त्या मताचा आशय आहे. तथागतांनी अनेक मतांचे खंडन केले, परंतु या मताविषयी ते विशेष कठोर होते. विणलेल्या वस्त्रांमध्ये माणसाच्या केसांची घोंगडी सर्वांत निकृष्ट, कारण ती थंडीत थंड आणि उन्हात उष्ण असते. त्याचप्रमाणे सर्व मतांमध्ये मक्खलीचे मत निकृष्ट, असे त्यांनी अंगुत्तर निकायात म्हटले आहे. या उपमेतील मर्म असे की, नियतीवाद संकटात ऊब देत नाही आणि सुखात सावली देत नाही. तो केवळ अंगावर ओझे होऊन राहतो.

त्याच निकायात माणसाला निष्क्रिय करणारी तीन मते सांगितली आहेत. जे काही सुखदुःख वाट्याला येते ते सर्व पूर्वकर्मामुळे येते, हे पहिले. ते सर्व ईश्वराच्या इच्छेने येते, हे दुसरे. ते कोणत्याही कारणाशिवाय येते, हे तिसरे. तथागतांनी या तिन्ही मतांना एकच प्रश्न विचारला आहे. हे खरे असेल तर हिंसा करणारा, चोरी करणारा, खोटे बोलणारा माणूसही पूर्वकर्मामुळे, ईश्वरामुळे किंवा अकारणच तसा झाला असे म्हणावे लागेल. मग हे करावे आणि ते करू नये, असे सांगायला जागा कोठे उरते? पूर्वकर्माचा सिद्धांत हाच बौद्ध सिद्धांत आहे, असा समज आजही अनेकांचा आहे. बौद्ध वाङ्मयाने त्या सरसकट सिद्धांताला निष्क्रियतेच्या मतांत बसविले आहे, हे त्यांनी पाहावे.

आणखी एक संवाद तर फारच बोलका आहे. एक ब्राह्मण तथागतांकडे येऊन म्हणाला की, माणूस स्वतः काही करीत नाही आणि दुसराही काही करीत नाही, असे माझे मत आहे. तथागतांनी त्याला विचारले, की स्वतःच्या पायांनी चालत येणारा आणि स्वतःच्या पायांनी परत जाणारा माणूस असे कसे म्हणू शकतो? एखादे काम आरंभण्याची शक्ती माणसात दिसते की नाही? या आरंभशक्तीला पालीत आरब्भधातु म्हटले आहे. तथागतांनी त्या ब्राह्मणापुढे मोठा सिद्धांत मांडला नाही, त्याच्या पायांकडे बोट दाखविले.

याचा अर्थ तथागतांनी सारे काही माणसाच्या इच्छेवर सोपविले, असा नाही. मोलिय सीवक नावाच्या परिव्राजकाने त्यांना विचारले होते की, माणसाला होणाऱ्या सर्व वेदना पूर्वकर्मामुळे होतात काय? त्यावर तथागतांनी आठ कारणे सांगितली. पित्त, कफ, वात, या तिन्हींचा संयोग, ऋतूतील बदल, अयोग्य वागणूक, बाहेरून झालेला आघात आणि कर्माचा परिणाम. म्हणजे आठांपैकी सात कारणे अशी, की ज्यांचा शोध शरीरात, हवेत, सवयीत आणि भोवतालच्या माणसांत घ्यावा लागतो. जे कारण डोळ्यांनी दिसते आणि जगाला ठाऊक आहे, ते सोडून सर्व खापर पूर्वकर्मावर फोडणारे वस्तुस्थितीच्या पलीकडे जातात, असा त्यांचा निर्वाळा आहे.

आता आपल्याच इतिहासाकडे वळू. चौदाव्या शतकातील संत चोखामेळा यांच्या अभंगांत विटाळाच्या कल्पनेला केलेला रोकडा सवाल आहे, तसाच आपला हीन मानलेला जन्म पूर्वकर्माच्या दोषाने आला असे मानणारा सूरही आहे. १३३८ साली मंगळवेढ्यास भिंतीचे बांधकाम चालू असता ती कोसळून त्यांचा अंत झाला. वेठबिगारीत मेलेल्या त्या थोर माणसाला स्वतःच्या दुःखाचे कारण सांगण्यासाठी त्या काळाने दुसरी भाषाच उपलब्ध करून दिली नव्हती. त्यांचा पुत्र कर्ममेळा मात्र देवालाच जाब विचारताना दिसतो. ज्याच्या नावातच कर्म आहे, त्यानेच कर्माच्या न्यायावर शंका घ्यावी, हे लक्षणीय आहे.

पुढे त्याच चोखोबांचे नाव घेऊन विदर्भात शाळा निघाल्या. उमरेडच्या जाईबाई चौधरी यांची गोष्ट प्रत्येक विद्यार्थिनीला ठाऊक असावी. त्या नागपूर-कामठी परिसरात हमाली करीत. एका मिशनरी बाईंच्या साहाय्याने त्या शिकल्या आणि शिक्षिका झाल्या. परंतु अस्पृश्य शिक्षिका नको म्हणून वरच्या जातींच्या लोकांनी विरोध केला आणि ती नोकरी गेली. तेव्हा १९२२ साली त्यांनी नागपुरात स्वतःच संत चोखामेळा कन्या शाळा उभी केली. या एका आयुष्यात आपल्या प्रश्नाचे सर्व धागे आहेत. हमालाच्या घरी येणे त्यांनी निवडले नव्हते. मिशनरी बाईंची भेट हा योगायोग होता. नोकरी जाणे हे दैव नव्हते, तो काही माणसांनी घेतलेला निर्णय होता. आणि शाळा काढणे हे त्यांचे कर्म होते. आपण सरसकट "नशीब" म्हणतो तेव्हा या चार वेगवेगळ्या गोष्टी एकाच गाठोड्यात बांधतो आणि ज्यांनी अन्याय केला त्यांनाही त्याच गाठोड्यात लपू देतो.

महात्मा जोतीराव फुले यांनी ही लपवाछपवी ओळखली होती. त्यांच्या निधनानंतर १८९१ साली प्रसिद्ध झालेल्या 'सार्वजनिक सत्यधर्म पुस्तका'त दैव आणि आकाशातील ग्रह यांचाही परामर्श आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात हा विचार पूर्णत्वास नेला. गरीब आणि हीन मानलेल्यांच्या स्थितीस त्यांचेच गतजन्मीचे कर्म कारण आहे असे ठरविले, की राज्य आणि समाज आपल्या जबाबदारीतून मोकळे होतात, हे त्यांनी दाखवून दिले. विशेष म्हणजे त्यांनी तेथे आनुवंशिकतेच्या शास्त्राचाही आधार घेतला. मूल आपले गुणधर्म आईवडिलांकडून घेते हे शास्त्राने सिद्ध केले असता, ते गुणधर्म गतजन्मातून येतात हे कसे मानावे, असा त्यांचा प्रश्न आहे.

त्याचबरोबर बाबासाहेबांनी माणसाच्या इच्छेचेही अवास्तव स्तोम माजविले नाही. जानेवारी १९४३ मध्ये पुण्यात न्यायमूर्ती रानडे यांच्या जयंतीनिमित्त दिलेल्या व्याख्यानात त्यांनी इतिहास कोण घडवितो, या प्रश्नाचा ऊहापोह केला. ईश्वरी योजना, भूगोल आणि आर्थिक शक्ती या तिन्ही उपपत्ती तपासून त्यांनी सांगितले की, परिस्थितीचे बळ नाकारता येत नाही, परंतु माणूस वगळून इतिहास घडत नाही. गारगोटी सगळीकडे सापडत नाही हे खरे. पण गारगोटीवर गारगोटी घासून अग्नी निर्माण करायला माणूसच लागतो, असा त्यांचा दृष्टांत होता. १९५४ साली त्यांनी भंडारा मतदारसंघातून लोकसभेची पोटनिवडणूक लढविली आणि ते पराभूत झाले. आजचा गोंदिया जिल्हा १९९९ पर्यंत त्याच भंडारा जिल्ह्याचा भाग होता. म्हणजे हा पराभव आपल्या अंगणातला आहे. पुढच्या अडीच वर्षांत, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, त्यांनी नागपुरात लाखोंच्या साक्षीने धम्मदीक्षा घेतली. मतमोजणीत पडलेल्या मतांवर त्यांचा अधिकार नव्हता. त्यानंतर काय करायचे यावर होता.

येथवर जे म्हटले ते बहुतेकांना मान्य होईल. खरी कसोटी पुढे आहे. जातीची उतरंड माणसांनी केली, म्हणून ती माणसांना मोडता येते. परंतु जे जन्मासोबत रक्तातच येते, त्याचे काय? तेथे तरी नशीब मानावे की नाही? आपल्या जिल्ह्यात हा प्रश्न काल्पनिक नाही. त्याचे नाव सिकलसेल आहे.

गोंदिया, भंडारा, नागपूर, चंद्रपूर, गडचिरोली या पट्ट्यात, बौद्ध आणि आदिवासी समाजांत हा आजार मोठ्या प्रमाणावर आढळतो. या आजारात तांबड्या रक्तपेशी गोल न राहता विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि हाडे-सांधे असह्य दुखतात. डोळे पिवळे होतात, रक्त कमी पडते, ताप आला की तो जिवावर बेततो. असे लेकरू घरात असले की काय काय बोलले जाते, हे वाचकांना सांगायला नको. कोणी बाहेरची बाधा म्हणतो, कोणी आईच्या कुळाचा दोष म्हणतो, कोणी गतजन्मीचे पाप म्हणतो. त्यावर धागेदोरे होतात, कोंबडे-बकरे होतात आणि महिने वाया जातात.

शास्त्र काय सांगते ते पाहू. या पेशींचे पहिले शास्त्रीय वर्णन १९१० साली अमेरिकेत झाले. १९४९ साली लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोष हिमोग्लोबिनच्या रेणूतच असल्याचे दाखविले. १९५६ च्या ऑक्टोबर महिन्यात, म्हणजे नागपूरची दीक्षाभूमी गजबजली त्याच दिवसांत, केंब्रिजमध्ये व्हर्नन इंग्रॅम यांनी निरोगी आणि सिकलसेलच्या हिमोग्लोबिनमधील नेमका फरक एका लहानशा तुकड्यापर्यंत आणून ठेवला. पुढच्या वर्षी तो फरक एकाच अमिनो आम्लाचा असल्याचे सिद्ध झाले. ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलिन, एवढेच. हा तारखांचा निव्वळ योगायोग आहे, त्यात कोणताही संकेत शोधू नये. परंतु ज्याला गावोगाव पाप म्हटले जात होते, त्याचा पत्ता रेणूच्या एका ठिकाणी सापडला, हे मात्र आपण विसरू नये.

हा गुणधर्म आपल्या भागात का टिकला, याचेही उत्तर मिळाले आहे. १९५४ साली अँथनी ॲलिसन यांनी पूर्व आफ्रिकेतील अभ्यासातून दाखविले की, ज्याच्याकडे हा गुणधर्म आईवडिलांपैकी एकाकडूनच आला आहे, अशा वाहकाला हिवतापापासून बरेच संरक्षण मिळते. जंगल आणि हिवताप यांच्या सोबतीने राहिलेल्या आपल्या पूर्वजांपैकी कित्येक जण बालपणी वाचले असतील, ते याच गुणधर्मामुळे. ज्याला आपण शाप समजून लपवितो, त्यानेच कधीकाळी आपल्या वंशाची राखण केली. यात पाप कोठे आहे?

आता जे सांगतो ते प्रत्येक पालकाने ध्यानात ठेवावे. आई आणि वडील दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गर्भधारणेच्या वेळी चारांत एक शक्यता रोगी मुलाची, चारांत दोन शक्यता वाहकाची आणि चारांत एक शक्यता पूर्ण निर्दोष मुलाची असते. दोघांपैकी एकच वाहक असेल व दुसरा निर्दोष असेल, तर मूल वाहक होऊ शकते, पण रोगी होत नाही. म्हणजे रोगी मुलाला तो गुणधर्म आई आणि बाप दोघांकडूनही आलेला असतो. केवळ सुनेला दोष देणारी सासू शास्त्राला आणि न्यायाला, दोघांनाही सोडून बोलत असते. एकाच घरात, एकाच आईवडिलांच्या पोटी दोन भावंडे येतात. एक ठणठणीत, दुसरे रोगी. त्या दोघांच्या पापपुण्यात काहीही फरक नसतो. नाण्याची जी बाजू पडायची ती पडली. धम्माच्या भाषेत बोलायचे तर हे कर्म नव्हे, कारण तथागतांनी चेतनेला, म्हणजे हेतुपूर्वक केलेल्या कृतीला, कर्म म्हटले आहे. गर्भातील जीवाने कोणता हेतू धरला होता?

येथे माणसाचे कर्तृत्व कोठे सुरू होते? माहिती मिळते त्या क्षणी. शासकीय आरोग्य यंत्रणेत सोल्युबिलिटी चाचणी होते आणि तीत संशय आल्यास इलेक्ट्रोफोरेसिससारख्या तपासणीने वाहक की रोगी हे निश्चित होते. १ जुलै २०२३ रोजी राष्ट्रीय सिकलसेल ॲनिमिया निर्मूलन अभियानाचा आरंभ झाला असून २०४७ पर्यंतचे उद्दिष्ट ठेवले आहे. रोगी मुलाला डॉक्टरांच्या देखरेखीखाली फॉलिक ॲसिड, हायड्रॉक्सीयुरियासारखी औषधे मिळाली, भरपूर पाणी, थंडीपासून जपणूक आणि तापावर तातडीचा उपचार मिळाला, तर त्याचे दुखणे पुष्कळ कमी होते. वाहक माणूस तर सामान्यतः निरोगी आयुष्य जगतो. जन्माने दिलेले बदलता येत नाही. त्याचे पुढे काय होते, ते पुष्कळ अंशी बदलता येते.

परंतु विवाहाच्या वेळी हे कार्ड पेटीच्या तळाशी जाते. मुलीचे लग्न मोडेल, या भीतीने अहवाल लपविला जातो. आईबापांची भीती आम्ही समजू शकतो, कारण समाजच तसा वागतो. तरीही जे माहीत असून लपविले जाते, त्याला पुढे नशीब म्हणण्याचा अधिकार उरत नाही. ज्या समाजाने कुंडली जुळविणे सोडले, त्याने रक्ताचा अहवाल जुळविणे धरले पाहिजे. आपल्या वधू-वर परिचय मेळाव्यांतील परिचयपत्रात शिक्षण, नोकरी, उंची यांच्यासोबत सिकलसेल तपासणीचा रकाना असावा, असे आम्ही सुचवितो. त्या रकान्यात वाहक असे लिहिलेल्या मुलाला वा मुलीला कोणी हिणवू नये, हे त्याहून महत्त्वाचे. नाही तर रकाना असूनही खरे लिहिले जाणार नाही.

आता दुसऱ्या टोकाचा विचार करू. इच्छाशक्ती असली की सारे होते, हे आजच्या व्यासपीठांवरचे आवडते वचन आहे. सिकलसेल असलेले एखादे मूल निवासी शाळेत दाखल होते, अशी कल्पना करा. थंडीच्या दिवसांत पहाटे गार पाण्याने आंघोळ केली की त्याचे हातपाय दुखू लागतात. कवायतीत ते मागे पडते, रोज आजारी असल्याचे सांगते. अशा मुलाला आळशी आणि कामचुकार ठरविणे किती सोपे असते! घरी त्याला नशिबाचा मारलेला म्हणतात, शाळेत इच्छाशक्ती नसलेला म्हणतात. दोन्ही ठिकाणी एकाच मुलावर अन्याय होतो, आणि तो एकाच कारणाने होतो. कारण शोधण्याचे कष्ट कोणी घेत नाही. त्याला कोमट पाणी, सोबत पाण्याची बाटली आणि विश्वास ठेवणारा एक वसतिगृह अधीक्षक मिळाला, तर तेच मूल वर्गात पुढे येऊ शकते.

आमच्या यशस्वी माजी विद्यार्थ्यांनीही येथे क्षणभर थांबावे. आपण डॉक्टर, अभियंता, शिक्षक, अधिकारी झालात. आपल्या कष्टांविषयी आम्हांस आदरच आहे. परंतु आपल्याच गावातील, आपल्याच वर्गातील, आपल्याइतकाच हुशार मित्र तेंदूपत्त्याच्या फडीवर किंवा परप्रांतातील वीटभट्टीवर राहिला असेल, तर तो कमी कष्टाळू होता म्हणून राहिला काय? आपल्याला वसतिगृहात जागा मिळाली, शिष्यवृत्ती वेळेवर आली, एखाद्या गुरुजींनी अर्ज भरून दिला, आईने रोवणीच्या मजुरीतून पुस्तके घेतली. प्रतीत्यसमुत्पादाचा अर्थ हाच, की कोणतीही गोष्ट एकट्याच्या बळावर उत्पन्न होत नाही. जो हे विसरतो, तो नकळत जुन्याच कर्मसिद्धांताकडे परततो. पूर्वी म्हणत, गरीब आहे कारण गतजन्मी पाप केले. आता म्हणतात, गरीब आहे कारण या जन्मी मेहनत केली नाही. दोन्ही वेळा गरीबच गुन्हेगार ठरतो.

आपल्या पूर्वजांना हे बोलून दाखविता आले नसेल, पण ते करून दाखविता आले होते. पूर्व विदर्भाचा हा मुलूख तलावांचा आहे. गोंड राजवटीच्या काळापासून कोहळी समाजाने आणि इतर कष्टकऱ्यांनी येथे शेकडो तलाव बांधले. आज आपण त्यांना मामा तलाव म्हणतो. नवेगाव बांधचा विस्तीर्ण जलाशय अठराव्या शतकाच्या प्रारंभी कोलू पाटील कोहळी यांनी बांधविला, असे सांगितले जाते. पाऊस कधी आणि किती पडेल, हे त्या लोकांच्या हाती नव्हते. म्हणून ते हात जोडून बसले नाहीत, आणि पावसाची गरजच नाही असेही म्हणाले नाहीत. उतार पाहून त्यांनी पाळ घातली. पडलेला पाऊस अडला, बांध्यांना पाणी मिळाले आणि धान पिकले. पाळ एकट्याने बांधता येत नाही आणि एकदा बांधून भागतही नाही. गाळ काढला नाही तर तलाव बुजतो. समाजाचे स्वातंत्र्यही असेच साठविलेले असते आणि पिढ्यान्‌पिढ्या राखावे लागते.

वसतिगृह ही अशीच एक पाळ आहे. राजर्षी शाहू महाराजांनी विसाव्या शतकाच्या प्रारंभी कोल्हापुरात वसतिगृहांची रांग उभी केली. बाबासाहेबांच्या बहिष्कृत हितकारिणी सभेने १९२४ साली स्थापन झाल्यावर जी पहिली कामे हाती घेतली, त्यांत १९२५ साली सोलापूरला काढलेले वसतिगृह होते. पुढे १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी निघाली. या सर्व कार्यामागील विचार आमच्या प्रश्नाचे उत्तरच आहे. सारे काही नशिबाने ठरत असेल, तर वसतिगृह काढून उपयोग नाही. सारे काही व्यक्तीच्या इच्छेने ठरत असेल, तर वसतिगृहाची गरज नाही. दोन्ही मते खोटी आहेत, म्हणून निवासी विद्यालये उभी राहिली. मुलाला दोन वेळचे जेवण, दिव्याचा उजेड, अभ्यासाची जागा आणि सन्मानाची वागणूक मिळाली, की त्याच्या इच्छेला पाय फुटतात.

अंगुत्तर निकायात तथागतांनी मिठाच्या खड्याची उपमा दिली आहे. मिठाचा खडा लहानशा भांड्यातील पाण्यात टाकला तर ते पाणी पिववत नाही. तोच खडा गंगेत टाकला तर काहीच फरक पडत नाही. जसे केले तसेच्या तसे भोगावे लागते असे मानले, तर दुःखमुक्तीचा मार्गच उरत नाही, हे सांगण्यासाठी ती उपमा योजिली आहे. तथागतांनी ती स्वतःच्या हातून घडलेल्या दुष्कृत्याविषयी सांगितली. जे दुःख न करता वाट्याला येते, त्यालाही ती लागू पडते असे आम्हांस वाटते. दारिद्र्य, आजार, अपघात, अपयश हे खडे कोणाच्या वाट्याला किती येतील ते सांगता येत नाही. पण भांडे लहानच ठेवायचे की पाणी वाढवायचे, हे व्यक्तीने आणि त्याहून अधिक तिच्या समाजाने ठरवायचे असते. शिक्षण, आरोग्य, मैत्री आणि शील यांनी पाणी वाढते.

म्हणून आमची विनंती एवढीच आहे. "नशीब" हा शब्द ओठांवर आला की आधी चार प्रश्न विचारावेत. हे जन्माने आले काय? हा योगायोग होता काय? हे कोणी माणसाने केले काय? आणि आता मला, आम्हांला, काय करता येईल? पहिल्या दोन प्रश्नांचे उत्तर होकारार्थी असेल, तर कोणालाही दोषी धरू नये. तिसऱ्याचे उत्तर होकारार्थी असेल, तर न्याय मागावा. चौथ्याचे उत्तर बहुधा काहीतरी असतेच. माजी विद्यार्थ्यांनी आपल्या गावात सिकलसेल तपासणीचे एखादे शिबिर घडवून आणावे, एका मुलाच्या शिक्षणाची जबाबदारी उचलावी. पालकांनी मुलांची तपासणी करून घ्यावी, अहवाल जपून ठेवावा आणि योग्य वेळी उघडपणे सांगावा. विद्यार्थ्यांनी परीक्षेतील गुणांना नशीब म्हणू नये आणि मागे पडलेल्या मित्राला आळशी म्हणू नये.

तथागतांनी त्या ब्राह्मणाला त्याच्या पायांची आठवण करून दिली होती. ज्याचे पाय सिकलसेलच्या वेदनेने उचलत नाहीत, त्याला हात देण्याचे काम भोवतीच्या माणसांचे आहे. तो हात देणे वा न देणे हे कोणत्याही ग्रहाने ठरविलेले नाही.

सर्वांचे मंगल होवो.